ग्रुपमध्ये टिकायचं म्हणून किती बदलायचं? वडसाकडच्या एका पोराला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा तालुक्यातल्या एका गावचा, वय १८, नागपुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, सबमिशन का नाही आणलं, हा बोलला "सर, मले कोनी सांगतलंच नाई", नि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून तो मराठी बोलतच नाही, फक्त हिंदी. वडील झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत ऑर्गन वाजवतात, ह्यानं पोरांना सांगितलं की ते कॉन्ट्रॅक्टर आहेत. त्याला स्वतःलाही ऑर्गन छान येतो पण हे कुणाला माहीत नाही. ग्रुपमध्ये राहायचं म्हणून पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खायला लागला, आता रोज खातो. रूमवर आला की जीव गळून जातो म्हणे, आणि विचारतो की मॅडम, मी आहे तसा राहिलो तर एकटा पडेन का.

बेटा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, थोडे दिवस थोडा एकटा पडशील. पूर्ण एकटा नाही पडणार, पण दोनचार जण सरकतील बाजूला. हे मी लपवत नाही कारण "बी युवरसेल्फ" म्हणणारे जे रील फिरत असतात ना, मागे पियानो वाजतोय नि कुणीतरी डोंगरावर हात पसरून उभा आहे, त्यात हे कुणी सांगत नाही, आणि मग पोरं एक दिवस हिंमत करतात, कुणीतरी टोमणा मारतो, नि ते दुप्पट जोरानं परत कोषात जातात. असल्या रीलांना, पोळ्यानंतर नागपुरात मारबतीचा पुतळा नेऊन वाईट गोष्टी गावाबाहेर घालवतात त्या बडग्याच्या दिवशी, "घेऊन जा गे मारबत" करून पाठवून द्यावं असं माझं मत आहे. मी नागपुरात कॉलेजच्या पोरापोरींसोबत बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि त्यातून एकच गोष्ट तुला ठासून सांगावीशी वाटते. तुला आत्ता हिंमत वाढवायची गरज नाहीये. तुला एक माणूस पाहिजे. एकच. ते कसं, ते पुढे सांगते.

पहिले त्या हसण्याबद्दल. वर्ग हसला हे खरं आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत, आणि ते लागतं. नुसतं म्हणायला लागत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून स्क्रीनवर चेंडू फेकायचा साधा खेळ खेळायला दिला आणि मधेच बाकीच्या दोन खेळाडूंनी त्याला चेंडू देणं बंद केलं. शरीराला दुखतं तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो त्यातलाच एक भाग तेव्हाही जागा झाला. चेंडूच नाही दिला, आणि तोही ओळखपाळख नसलेल्या लोकांनी, तरी एवढं. तुझ्यावर तर साठसत्तर पोरं हसली. तेव्हा "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास" असं जो म्हणेल त्याचं ऐकू नको.

पण दुसरी बाजू पण ऐक. आपल्याकडे किती लोकांचं लक्ष आहे ह्याचा आपला अंदाज जवळपास नेहमी फुगलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग आहे, २००० साली छापून आलेला. विद्यार्थ्यांना एका अशा गायकाचा फोटो असलेला टीशर्ट घालायला लावला की जो त्या वयाच्या पोरांना एकदम आऊटडेटेड वाटायचा, म्हणजे घालायची लाज वाटावी असा, नि मग त्यांना पाचसहा जण बसलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी तुझा टीशर्ट पाहिला असेल? त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी. प्रत्यक्षात पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. आणि पंधरा-अठरा-वीस ह्या वयात हे जास्तच असतं, डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की किशोरवयात माणूस सतत एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग सोबत घेऊन फिरतो. तुझा वर्ग त्या दिवशी हसला, मग कॅन्टीनला गेला, आणि मला खात्रीनं वाटतं की त्यातल्या बऱ्याच पोरांना आज ते वाक्य आठवतही नसेल. तू मात्र त्या दिवसापासून रोज ते वाक्य परत ऐकून रायला आहेस.

आणि भाषेबद्दल एक सांगू का, नागपुरात तुझ्या बोलीला हसणं म्हणजे विनोदच आहे. इथे धरमपेठेसारख्या बड्या वस्तीतली पोरं सुद्धा घरी "काहून बे" म्हणतात आणि पुण्याला इंटर्नशिपला गेली की तिथं त्यांच्या "करून रायलो" वर लोक हसतात. मग ती तिथे जाऊन गप्प होतात, माझ्याकडे येऊन सांगतात. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, आणि आपणच लाजतो. असो. हा वेगळा विषय आहे, त्यावर मी सुरू झाले तर थांबणार नाही.

आता ग्रुपचं. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, "सगळ्यांना आवडतं, मलाच आवडत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी प्रॉब्लेम आहे". ही ओळ माझ्याकडे येणारं जवळपास प्रत्येक पोरगं म्हणतं. एकाच ग्रुपमधले दोघं वेगवेगळे येऊन हेच म्हणून गेलेले मला माहीत आहेत, आणि मी एकाला दुसऱ्याचं सांगू शकत नाही, तो माझ्या कामाचा नियमच आहे, पण मनात येतं की अरे बाप्पा, तुम्ही दोघं एकमेकांशी एकदा बोला ना. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापून आला, दारूबद्दल. कॅम्पसवर जितकी पितात ते प्रत्येकाला स्वतःला थोडं जास्तच वाटत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना हे बरोबर वाटतं. म्हणजे सगळेच आतून कुरकुरत होते आणि बाहेरून "चल ना यार" म्हणत होते. आणि पुढचं जास्त वाईट आहे, सत्र संपेपर्यंत तिथली मुलं, म्हणजे मुलगे, हळूहळू खरंच तसं मानायला लागले जसं बाकीचे मानतात असं त्यांना उगाच वाटत होतं. नसलेल्या बहुमतामागे माणूस स्वतःला बदलतो. तू आत्ता त्याच सत्रात आहेस असं समज.

आता ते "एक माणूस" काय आहे ते सांगते. सॉलोमन अॅश म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५१ च्या आसपास अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला. सात-आठ जण खोलीत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा, ह्या तिघांतली कुठली पहिलीएवढी आहे ते मोठ्यानं सांगायचं. पहिलीतल्या पोरालाही जमेल असं. गंमत अशी की त्यात खरा विद्यार्थी एकच, बाकी सगळे अॅशचे शिकवलेले, आणि ते ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या पोराचा नंबर शेवटी शेवटी यायचा. झालं काय, चारातल्या तीन पोरांनी कधी ना कधी तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांचं चुकीचं उत्तर दिलं. साध्या रेघेवर! तू तर रोज जेवायला बसतोस त्या लोकांबद्दल बोलतोयस.

हा भाग बरेच जण सांगतात आणि तिथंच थांबतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. अॅशनं मग त्या टोळक्यात एक असा माणूस बसवला जो खरं उत्तर द्यायचा. एकच. लगेच खऱ्या पोराच्या चुका जवळजवळ पावपट झाल्या. आणखी पुढे, तो एक माणूस बरोबर नसला, त्याचं उत्तर वेगळं पण चुकीचंच असलं, तरी पोराला धीर यायचा. म्हणजे तुझ्याशी सहमत असणारा नको, एकसुरात न बोलणारा कुणीतरी पाहिजे. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहून द्यायला लावलं तर लोक बऱ्यापैकी खरं लिहायचे, म्हणजे डोळे शाबूत होते, तोंड उघडायची भीती होती. अजून एक बारकावा आहे तो मी पोरांना आवर्जून सांगते. तो सोबती मधेच काही कारण सांगून खोलीतून निघून गेला तरी त्याचा धीर थोडा उरायचा, पण तो फिरून बहुमताच्या बाजूला जाऊन बसला की पोरगा पार ढेपाळायचा. म्हणून हा एक माणूस निवडताना घाई करायची नाही.

निवडायचा कसा? ग्रुपमधला सगळ्यात पॉप्युलर पोरगा बघू नको. सगळ्यात जास्त हसवणारा तर अजिबात नको. असा बघ की जो, समोर नसलेल्या माणसाची टिंगल सुरू झाली की नुसता मोबाईल बघत बसतो, किंवा "जाऊ दे ना बे" म्हणून विषय बदलतो. असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, माझा अनुभव आहे. तू पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात एका रूममेटबद्दल लिहिलंयस, गोंदियाचा, जो तुला एकदा "तू घरी फोनवर वेगळंच बोलतो बे, भारी वाटते" असं म्हणाला होता आणि तू लगेच दार लावून घेतलंस. अरे बेटा! तो दार ठोठावून रायला होता.

त्याच्याशी बोलायचं म्हणजे बसवून कबुलीजबाब द्यायचा नाही. संध्याकाळी मेसवर जाताना, चालता चालता, कारण समोरासमोर बसून असलं बोलणं पोरांना जड जातं, बाजूबाजूनं चालताना सोपं जातं. वाक्यं तीनच ठेव. "अरे, मी बाबा कॉन्ट्रॅक्टर आहेत म्हटलं होतं ना, तसं नाहीये. ते झाडीपट्टीत ऑर्गन वाजवतात. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून तसं बोललो." संपलं. दहादा सॉरी म्हणायचं नाही, "तुला काय वाटलं" म्हणून खोदत बसायचं नाही. तो "अच्छा" म्हणेल आणि तुला वाटेल एवढंच? हो, एवढंच. बाकी ग्रुपसमोर प्रेस कॉन्फरन्स घ्यायची गरज नाही, पुढे कधी वडिलांचा विषय निघाला तर सरळ खरं सांगायचं, आणि कुणी म्हणालं की तू तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, तर "हो, खोटं बोललो होतो" म्हणायचं. खोटं पकडण्यात मजा तेव्हाच असते जेव्हा समोरचा लपवतो.

आणि एक, हे बाबांना जाऊन सांगू नको. तुझ्या पत्रात आहे की मला त्यांची माफी मागावीशी वाटते. मागून तुझं मन हलकं होईल आणि त्यांचं जड होईल. जो माणूस दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवीन गावात, रात्री नऊदहाला पडदा उघडल्यापासून पहाट होईस्तोवर थंडीत ऑर्गनवर बसतो, त्यातून तुझी फी भरतो, त्याला हे कळायची काही गरज नाही. तुला काही करायचंच असेल तर पुढच्या फोनवर त्यांना विचार की यंदा कुठलं नाटक आहे, कोणती पदं आहेत.

झाडीपट्टीबद्दल तुला सांगायची गरज नाही पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण नागपुरातल्याच अर्ध्या लोकांना माहीत नसतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर ह्या धानाच्या पट्ट्यात ही नाटकं होतात, वडसा हे त्याचं मुख्य ठाणं, कंपन्यांची ऑफिसं तिथं, आणि गावोगावी शंकरपट (बैलांच्या शर्यती) नि मंडई (गावची जत्रा) ह्यांच्या निमित्तानं हजारो माणसं रात्रभर तिकीट काढून नाटक बघतात. पुण्यामुंबईची व्यावसायिक नाटकं प्रेक्षक नाहीत म्हणून रडतात तेव्हा इकडे हे चालू असतं. २०२३ मध्ये ह्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ह्याच्यात लपवण्यासारखं काय आहे ते मला तरी कळलं नाही. पण तुला लाज वाटली ह्यात तुझा दोष आहे असंही नाही, अठराव्या वर्षी नवीन शहरात माणूस आधी सुरक्षित जागा शोधतो, अभिमान वगैरे नंतर.

आता खर्रा. इथे मी थोडी कडक होणार आहे.

खर्रा काय असतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे, सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे पण खर्रा ठेल्यावर ताजा घोटून मिळतो, तो घोटायची घरघर ऐकत चार पोरं गोल करून उभी राहतात आणि पन्नी हातोहात फिरते. ती पन्नी फिरते ना, तीच खरी गोष्ट आहे. चव कुणाला आवडते रे पहिल्या दिवशी? चक्कर येते, उलटी होते. पण आपल्याकडे पन्नी आली म्हणजे आपण गोलात आहोत. म्हणून तुझ्या बाबतीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वेगवेगळे सोडवावे लागतील, एक गोल आणि एक निकोटीन. तू आता रोज खातोस, सकाळी उठल्यावर आठवण येते असं लिहिलंयस, म्हणजे निकोटीननं धरलेलं आहे. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, डोकं दुखणं, अभ्यासात लक्ष नाही, असं होणार, ते तुझ्या स्वभावाचं नाही, ते निकोटीनचं आहे, आणि उतरतं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, त्यावर फोन कर. आणि आत्ता आरशासमोर उभा राहून तोंड पूर्ण उघड, तुझी स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघ. जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडात आग होत असेल, तर मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जा, लाजू नको, तिथल्या डॉक्टरांनी तुझ्या वयाची पोरं खूप पाहिली आहेत. तंबाखू काढून नुसती सुपारी खाल्ली तर चालते असं ठेल्यावर कुणीतरी सांगेल, ते साफ चूक आहे, सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्ये छापलेल्या अहवालात सांगितलेलं आहे.

गोलाचं काय? नाही म्हणताना पोरं एक चूक करतात, कारण देतात. "दात दुखून रायला", "आज उपास आहे". कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते, आणि उद्या दात बरा झाला की पन्नी परत समोर. एकच शब्द पुरे, "सोडला". कुणी विचारलं कायले, तर "बस, सोडला". आणि मग, हे महत्त्वाचं, तिथून निघून जायचं नाही. पोरगा नाही म्हणतो आणि घाबरून रूमवर पळतो, मग ग्रुपला वाटतं हा आपल्याला वाईट समजून रायला, आणि खरी फूट तिथे पडते. तू तिथंच उभा राहा, चहा घे, कालची मॅच काढ. दोनतीन दिवस "संत झाला बे हा" चालेल. त्यांना चावायला काही मिळालं नाही की ते सोडून देतात. आणि त्या गोलात नीट बघ, तू सोडला म्हटल्यावर कुणीतरी एक जण तुझ्याकडे जरा जास्त वेळ बघेल. त्यालाही सोडायचा असतो.

मात्र बळजबरी झाली, सीनियर तोंडात कोंबायला लागले, किंवा "नाही तर बघून घेऊ" झालं, तर मी वर लिहिलेलं सगळं विसर. ते ग्रुप प्रेशर नाही, ती रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा नंबर आहे, त्यावर नाव न सांगता पण तक्रार करता येते.

रात्रीच्या बाईकबद्दल तू एक ओळ लिहून सोडून दिलीस, की फुटाळा तलावावर ट्रिपल सीट जाताना भीती वाटते पण बोलत नाही. २००५ मधला एक प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, पिवळा दिवा लागला की थांबायचं की रेटायचं ते ठरवायचं. शाळकरी वयाची मुलं एकटी असताना मोठ्यांएवढीच सांभाळून खेळली, पण मागे मित्र उभे केले की रेटायला लागली, तुझ्या वयाच्या पोरांचं पण तसंच, थोडं कमी. चोविसाच्या वरच्यांना मित्र असले काय नि नसले काय, फरक नाही. म्हणजे ती भीती तुझी अक्कल आहे, आणि मित्र मागे बसले की तुझी आणि चालवणाऱ्याची दोघांची अक्कल थोडी कमी होते. ऑटो कर. बाकी काही सुचवायचं नाही मला.

आता उलटी बाजू. हे सगळं वाचून उद्यापासून सगळंच नाकारायला लागू नको. हिंदी बोलतोस? बोल ना, नागपुरात राहून हिंदी न बोलून चालतं का, अर्धं शहर दोन्हीत बोलतं. बूट त्यांच्यासारखे घेतलेस, केस कापलेस, सकाळी तर्री पोहे खायला त्यांच्यासोबत जातोस, चालतं, माणूस आजीशी वेगळं बोलतो आणि साहेबाशी वेगळं बोलतो, ह्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मी पोरांना एवढंच विचारायला सांगते की हे उद्या करायचं थांबवलं तर मला भीती कशाची वाटेल? बूट बदलले तर काहीच नाही. हिंदी बोलायचं थांबवलं तर? तुझ्या पत्रावरून वाटतं की मराठीत तोंड उघडायचीच धास्ती आहे. मग प्रॉब्लेम हिंदीचा नाहीच, मराठी बंद केल्याचा आहे. त्या गोंदियाच्या पोराशी मराठीत बोल, तिथून सुरू होईल.

आणि "मी नेमका कोण" हे अजून कळत नाही म्हणून घाबरू नको. जेम्स मार्शा यांनी १९६६ मध्ये ओळख घडण्याच्या चार अवस्था सांगितल्या, त्यातली एक म्हणजे चाचपडणं, हे करून बघ ते करून बघ, अजून ठरलेलं काही नाही. तुझ्या वयात ही एकदम ठीक जागा आहे. उलट मला काळजी वाटते त्या पोरांची ज्यांचं बारावीतच सगळं ठरलेलं असतं, आणि विचारलं कुणी ठरवलं तर म्हणतात पप्पांनी. तू ऑर्गन वाजवणारा इंजिनिअर होशील का इंजिनिअरिंग सोडून वाजवणारा होशील, हे आत्ता ठरवायचं नाहीये. फक्त बोटं बंद ठेवू नको. रियाज सुटला की परत बसायला जड जातं हे बाबांनी तुला सांगितलंच असेल. हॉस्टेलवर ऑर्गन आणणं अवघड असेल तर साधा कीबोर्ड चालेल, आणि कॉलेजच्या गॅदरिंगसाठी साथीला माणूस लागतोच, गाणारे ढीग असतात, वाजवणारा मिळत नाही.

इथे थोडं थांबून दुसऱ्या वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण सगळ्यांची गोष्ट ह्या पोरासारखी नसते. कुणी पहिल्याच दिवशी "पूर्ण नाव सांग" म्हणतं आणि आडनाव ऐकून चेहरा बदलतो, ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात सुद्धा हे होतं, आणि मग काही पोरं आडनाव गाळून सांगायला लागतात. हा आत्मविश्वासाचा वगैरे प्रश्न नाही, त्यांना "बिनधास्त राहा" म्हणणं म्हणजे समोरच्याच्या गुन्ह्याचं ओझं त्यांच्यावर टाकणं आहे. लिहून ठेवा, तारीख टाका, कॉलेजकडे लेखी तक्रार द्या, मोठं माणूस सोबत घ्या. आणि कुणाला मुलगा असून मुलगा आवडतो, मुलगी असून मुलगी आवडते, ते घरी सांगायचं का म्हणून विचारतात. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा नाही असं सांगितलं, पण कोर्ट तुमच्या घरात राहत नाही. जेवण, फी, छप्पर घरच्यांच्या हातात असेल तर घाई नको. न सांगणं म्हणजे खोटं जगणं नाही, ते स्वतःला सांभाळणं आहे. इथेही तेच, आधी एक माणूस.

मुलींचं अजून वेगळं, त्यांना दोन्हीकडून. घरी "असं कसं बोलतेस", बाहेर "असे कपडे कसे". आपल्या नागपूरचीच दिव्या देशमुख, बुद्धिबळातली, तिनं जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सची स्पर्धा खेळून आल्यावर सरळ लिहिलं होतं की लोक माझ्या खेळाबद्दल सोडून कपडे, केस, उच्चार असल्याच गोष्टींवर बोलत होते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती, ह्या पोराएवढीच. तिनं विश्वचषक जिंकला तो जुलै २०२५ मध्ये, म्हणजे दीड वर्षांनी. मी तारखा मुद्दाम सांगते, कारण लोक उलटं सांगतात, की ती एवढी मोठी झाली म्हणून तिला बोलता येतं. ती बोलली तेव्हा ती चषकाशिवायच होती. उच्चारावरून हसतात हे तिच्याही वाट्याला आलं, एवढं तुझ्या लक्षात असू दे.

पालक वाचत असतील तर एकच. पोरगं घरी येऊन "तिथं सगळे असं करतात" म्हणालं की "सगळे विहिरीत उडी मारतील तर तू मारशील का" हे वाक्य बंद करा, आजपर्यंत त्याचा कुणावर परिणाम झालेला मी पाहिला नाही. आणि "चार लोक काय म्हणतील" म्हणत ज्यांनी त्याला वाढवलं, त्यांनीच त्याला मित्रांना घाबरू नको म्हणून सांगणं जरा गमतीशीर होतं. तेच चार लोक आहेत, फक्त वय बदललंय.

शेवटी बेटा, तुझ्या थकव्याबद्दल. दिवसभर वेगळा माणूस बनून राहिलं की संध्याकाळी जीव गळतो हे बरोबर आहे, आणि एका माणसासोबत जरी नाटक बंद झालं तरी ते बऱ्यापैकी उतरतं. पण झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, सकाळी उठून कॉलेजला जायचंच नाही असं दोन आठवड्यांच्या वर चालू असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर ते ग्रुपवर ढकलू नको आणि वाट बघू नको. १४४१६ टेली मानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. कॉलेजमध्ये समुपदेशक असेल तर तिथं जा, नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात ओपीडी असते, केसपेपर काढायचा नि बसायचं. सोबत त्या गोंदियाच्या पोराला ने.